सरकीवरचा एक तंतू: पेशीच्या धड्याची उजळणी

वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या बोंडातली एक सरकी हातात घ्या आणि तिच्यावरचा एकच तंतू चिमटीत धरून ओढा. जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा तो तंतू म्हणजे एकच पेशी आहे. सरकीच्या सालीच्या बाहेरच्या थरातली ही पेशी फूल उमलतं त्या सुमारास लांब व्हायला लागते. पंधरा-वीस दिवस ती वाढत राहते आणि मग आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढवत भिंत जाड करते. बोंड फुटेपर्यंत तिच्यातला जीव गेलेला असतो. पाणी उडून जातं, पोकळ नळी चपटी होते आणि पीळ खाते. त्या पिळामुळे तंतू एकमेकांत अडकतात, म्हणून सूत कातता येतं. सुती सदरा म्हणजे मेलेल्या पेशींच्या भिंतींचं कापड.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले तेही हेच होते, रिकाम्या भिंती. आतला जीव त्याला दिसला नव्हता. जिवंत पेशी पाहिल्या लेव्हेनहूकने, त्यानंतर काही वर्षांनी. ‘पेशीचा शोध कोणी लावला’ आणि ‘जिवंत पेशी प्रथम कोणी पाहिली’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि घाईत मुलं दोन्हीकडे हूकच लिहितात. इतर सनावळी थोडक्यात: केंद्रकाला नाव दिलं रॉबर्ट ब्राऊनने, १८३१. सगळे सजीव पेशींचेच बनलेले असतात हा पेशी सिद्धान्त मांडला श्लायडेन आणि श्वान यांनी, १८३८-३९. ‘प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच’ ही भर घातली फिर्खोने, १८५५. पाठांतराचा भाग इथे संपला.

पेशीचा धडा आठवीपासून बारावीपर्यंत पाठ सोडत नाही. लातूर-नांदेडकडे नीटची तयारी करणाऱ्यांना तर तो पुढेही पुरून उरतो. आठवीला अंगकांची, म्हणजे पेशीतल्या कामं करणाऱ्या छोट्या भागांची, नावं येतात, दहावीला त्याच अंगकांत चालणारं श्वसन आणि पेशीविभाजन येतं, अकरावीला सगळं पुन्हा बारकाईने. तरी गुण जातात ते बहुतेक एकाच जागी. नाव आणि काम यांचा तक्ता पाठ असतो, पण ‘का’ विचारलं की पेन थांबतो. म्हणून तक्ता वाचताना प्रत्येक अंगकाला तीन प्रश्न विचारायचे. याला पटलं, म्हणजे पातळ पडदे, किती? आत काय आहे? हे बंद पडलं तर पेशीत काय अडेल? तिसऱ्याचं उत्तर देता आलं तर काम पाठ करावं लागत नाही.

त्याआधी मापं. ती पक्की नसली की आकृतीपासूनच चुका सुरू होतात.

१ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रोमीटर, आणि १ मायक्रोमीटर म्हणजे १००० नॅनोमीटर. स्त्रीबीज सुमारे १०० मायक्रोमीटर, म्हणजे नजर तीक्ष्ण असेल तर नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखं दिसू शकेल एवढं. लोहित रक्तपेशी ७ ते ८. बरेचसे जीवाणू १ ते ५. तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, जाडीला अर्धा ते एक मायक्रोमीटर. प्रथिनं बनवणारे रायबोझोम २० ते ३० नॅनोमीटर आणि पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल फक्त ७-८ नॅनोमीटर जाड. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा आहे साधारण ०.२ मायक्रोमीटर, म्हणजे २०० नॅनोमीटर. त्याहून जवळ असलेले दोन ठिपके त्यात एकच दिसतात, मग भिंग कितीही पटीचं लावा. म्हणून रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका (पेशीतलं पटलांचं जाळं) आणि पटलाचे थर यांची माहिती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावरच मिळाली.

याचा प्रात्यक्षिकाच्या वहीशी थेट संबंध आहे. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड पाहून वहीत तंतुकणिका, गॉल्गी, सगळं काढलेलं असतं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्लाइडमध्ये भित्तिका (पेशीची भिंत), केंद्रक, पेशीद्रव्य आणि मधली मोठी रिक्तिका (रसाने भरलेली पिशवी) एवढंच कळतं. तोंडी परीक्षेत ‘हे तुला दिसलं का?’ असं विचारलं की पंचाईत होते. ‘निरीक्षण’ या शीर्षकाखाली दिसलं तेवढंच काढा. ‘वनस्पती पेशीची आकृती’ मागितली असेल तेव्हा मात्र सगळं काढा.

पापुद्रा पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्यायचा. तो कापायचा नसतो. पाकळी मोडून चिमट्याने सोलायचा असतो, नाहीतर दोन-तीन थर येतात आणि सगळं धूसर दिसतं. वाळू द्यायचा नाही, लगेच पाण्यात टाकायचा. सॅफ्रॅनिनचा एक थेंब पुरे, जास्तीचा धुऊन काढायचा, नाहीतर सगळंच लाल होतं आणि केंद्रक हरवतं. मग ग्लिसरीनचा थेंब. आच्छादक काच आधी एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळू खाली सोडायची. सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचं गोल दिसलं की मुलं त्याला केंद्रक म्हणतात, पण तो बुडबुडा असतो. केंद्रकाला काळी कड नसते आणि भरलेल्या पेशीत ते बहुधा भिंतीला चिकटून बसलेलं असतं, कारण मधली जागा रिक्तिकेने व्यापलेली असते. पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीत रिक्तिका ९० टक्क्यांपर्यंत जागा घेऊ शकते. आकृतीत केंद्रक मधोमध आणि रिक्तिका कोपऱ्यात छोटीशी काढली, तर ती प्राणी पेशीला भिंत लावल्यासारखी दिसते.

पेशीचं माप काढायचं असेल तर मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक मोजपट्टी स्टेजवर ठेवा. नेत्रिका १० पट आणि वस्तुभिंग १० पट, म्हणजे एकूण १०० पट. समजा दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १.८ मिलिमीटर आला. आता मोजपट्टी काढून स्लाइड ठेवली आणि त्या व्यासात लांबीने ६ पेशी बसल्या, तर एक पेशी ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रोमीटर. वस्तुभिंग ४५ पटीचं लावलं की वर्तुळ साडेचार पटींनी लहान होतं, ०.४ मिलिमीटर. पट वाढते तशी दिसणारी जागा कमी होते. म्हणून आधी कमी पटीच्या भिंगाखाली पेशी शोधायची, तिला मध्यावर आणायचं, मगच मोठं भिंग फिरवायचं.

आता अंगकं. तंतुकणिकेपासून सुरुवात केलेली बरी, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत.

पटलं दोन. बाहेरचं सपाट, आतलं घड्या पडलेलं. घड्या कशासाठी? श्वसनाची शेवटची साखळी आतल्या पटलावरच्या प्रथिनांवर चालते, म्हणून पटल जितकं जास्त तितकी प्रथिनांना जागा जास्त. घडी करून ठेवलेलं मोठं लुगडं लहान ट्रंकेत मावतं तसं. आत स्वतःचं डीएनए आहे आणि स्वतःचे रायबोझोमही. ती बंद पडली तर एटीपी, म्हणजे पेशी कामाला वापरते तो ऊर्जेचा रेणू, जवळपास आटतं. ‘जवळपास’ म्हणायचं कारण ग्लुकोजच्या विघटनाचा पहिला टप्पा, ग्लायकोलायसिस, तंतुकणिकेत नाही, बाहेर पेशीद्रव्यात होतो. त्यातून प्रत्येक ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी मिळतातच. पूर्ण ऑक्सिश्वसनाचा आकडा जुन्या हिशेबाने ३८, आताच्या मोजणीने ३० ते ३२. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातला आकडा लिहावा, वाद घालायची ती जागा नव्हे.

‘तंतुकणिका ऊर्जा निर्माण करते’ या वाक्याला गुण मिळतात, पण ते सैल आहे. ऊर्जा अन्नातच होती. तंतुकणिका ती एटीपीच्या रूपात आणते. हे नीट लिहिलं तर पुढचा प्रश्न सोपा जातो: लोहित रक्तपेशीत तंतुकणिका का नसतात? लोहित पेशी ऑक्सिजन वाहून नेते. वाटेत स्वतःच तो वापरायला लागली तर पोहोचणार काय? सस्तन प्राण्यांच्या लोहित पेशीत केंद्रकही नसतं, त्यामुळे हिमोग्लोबिनला जागा मिळते. पण दुरुस्तीची सोय राहत नाही आणि पेशी साधारण १२० दिवसांत संपते. इथे ‘सस्तन प्राण्यांच्या’ हा शब्द गाळू नका. बेडकाच्या आणि कोंबडीच्या लोहित पेशीत केंद्रक असतं.

दुसरा मोठा घोळ: वनस्पतीत हरितलवक, प्राण्यात तंतुकणिका, अशी वाटणी करून टाकणं. तुरीच्या पानाच्या पेशीत दोन्ही असतात. हरितलवक साखर बनवतं, ती साखर वापरून एटीपी काढायचं काम तिथेही तंतुकणिकाच करते. म्हणूनच ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे चूक आहे. श्वसन चोवीस तास चालू असतं. मुळाच्या पेशीत हरितलवक नाही, तंतुकणिका आहे. कांद्याच्या पापुद्र्यातही हरितलवक नसतं, कारण त्या साठवणीच्या पाकळ्या आहेत, उजेडात साखर बनवणाऱ्या नव्हेत.

लवकं, म्हणजे वनस्पती पेशीतली रंग किंवा साठा असलेली अंगकं, एकमेकांत बदलू शकतात, हे आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. हिरवी मिरची लाल होते तेव्हा हरितलवकांची वर्णलवकं होतात. टोमॅटोचंही तसंच. बटाटा उजेडात पडून राहिला की हिरवा होतो, म्हणजे पिष्ट साठवणाऱ्या अवर्णलवकांची हरितलवकं होतात. पण प्रत्येक रंग लवकातूनच येतो असं समजू नका. कपाशीवर लाल्या येतो तेव्हा पान लाल दिसतं ते दोन कारणांनी: हरितद्रव्य घटतं आणि अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य साठतं. ते विरघळलेलं असतं रिक्तिकेतल्या रसात. लाल कांद्याचा, जांभळाचा आणि वांग्याच्या सालीचा रंगही रिक्तिकेतलाच. ओळखायची युक्ती सोपी. पाण्यात ठेवून उकळल्यावर पाणी रंगीत झालं तर रंग बहुधा रिक्तिकेतला. टोमॅटोचा लाल रंग पाण्यात फारसा उतरत नाही, फोडणीच्या तेलात मात्र उतरतो. लाल्या येण्यामागे मॅग्नेशियमची कमतरता हे एक कारण असतं, आणि हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचाच अणू असतो. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र दोन्ही पेपरांना पुरेल असं हे उदाहरण आहे.

केंद्रक, रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी आणि लयकारिका ही पाच नावं वेगवेगळी पाठ करणं म्हणजे वेळ घालवणं. एका प्रथिनाच्या मागे मागे चाललं की पाचही सापडतात. इन्सुलिन घ्या. कृती आहे केंद्रकातल्या डीएनएमध्ये. डीएनए बाहेर पडत नाही. त्याची आरएनए नक्कल केंद्रकपटलाच्या छिद्रातून बाहेर येते. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर बसलेले रायबोझोम ती वाचून अमिनो आम्लं जोडतात. ती साखळी जालिकेच्या आत जाते, तिथे तिला घड्या पडतात. मग छोट्या पुटिकेत बसून ती गॉल्गीकडे जाते. गॉल्गी म्हणजे पेशीतला मोंढा: माल येतो, त्याची प्रतवारी होते, शिक्का बसतो आणि कोणता माल कोणत्या गाडीत हे ठरतं. काही पुटिका प्रद्रव्यपटलाशी जाऊन मिसळतात आणि इन्सुलिन पेशीबाहेर पडतं. काहींत पाचक विकरं, म्हणजे पचवण्याचं काम करणारी प्रथिनं, भरलेली असतात, त्या लयकारिका. मोंढ्याची उपमा डोक्यात ठेवा, उत्तरपत्रिकेत नको. तिथे ‘फेरबदल, वर्गीकरण आणि पाठवणी’ हेच शब्द लिहा.

या साखळीतून बरीच उत्तरं आपोआप निघतात. स्वादुपिंडाच्या पेशीत खडबडीत जालिका का भरपूर असते? बाहेर पाठवायची प्रथिनं तिथे बनतात. यकृताच्या पेशीत मृदू, म्हणजे रायबोझोम नसलेली, जालिका का जास्त? औषधं आणि विषारी द्रव्यं निष्प्रभ करण्याचं काम तिच्याकडे असतं, शिवाय मेदाचे रेणूही तीच बनवते. लयकारिकेतली विकरं पेशीलाच का खात नाहीत? एक तर मध्ये पटल आहे. दुसरं, ती विकरं साधारण ५ सामूला, म्हणजे आम्लात, काम करतात आणि पेशीद्रव्याचा सामू ७ च्या थोडा वर असतो. एखादी लयकारिका फुटली तरी लगेच हाहाकार होत नाही, खूप फुटल्या तर मात्र पेशी संपते. ‘आत्मघाती पिशव्या’ एवढंच लिहून थांबणाऱ्यांचा एक गुण इथे जातो.

रायबोझोमला पटल नसतं, म्हणून ते आदिकेंद्रकी पेशीतही असतात. दह्यातल्या जीवाणूत केंद्रक नाही, तंतुकणिका नाही, रायबोझोम मात्र आहेत, ७० एस प्रकारचे. आपल्या पेशीद्रव्यातले ८० एस. पावातलं यीस्ट एकपेशीय असलं तरी दृश्यकेंद्रकी आहे, त्याला केंद्रक आहे. ‘एकपेशीय म्हणजे आदिकेंद्रकी’ हे समीकरण डोक्यातून काढून टाका. आणि ८० एसचे दोन भाग ६० आणि ४०, त्यांची बेरीज १०० येते म्हणून घाबरू नका. एस हे वजन नाही, द्रावण गरगर फिरवल्यावर कण किती वेगाने तळाशी बसतो त्याचं माप आहे. ते आकारावरही अवलंबून असतं, म्हणून त्याची साधी बेरीज होत नाही.

राहिली भिंत आणि पटल, आणि त्यांच्यामधून होणारी पाण्याची ये-जा. भित्तिका सेल्युलोजची, तिच्यातून पाणी आणि त्यात विरघळलेले लहान रेणू आरपार जातात. पटल मेदाच्या रेणूंच्या दुहेरी थराचं, त्यात प्रथिनं बसवलेली, आणि ते निवडक्षम. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड विसरणाने जातात, पाणी परासरणाने. आयनांना प्रथिनांच्या वाटा लागतात आणि कधी कधी एटीपीही खर्च करावं लागतं. परासरणाच्या व्याख्येत दोन शब्द गाळले की गुण जातो: ‘पाण्याचं’ आणि ‘निवडक्षम पटलातून’.

अतिपरासारी, अवपरासारी, समपरासारी ही विशेषणं पेशीला नाहीत, बाहेरच्या द्रावणाला आहेत, पेशीच्या तुलनेत. बाहेर मीठ-साखर जास्त तर द्रावण अतिपरासारी, पाणी पेशीतून बाहेर. कमी तर अवपरासारी, पाणी पेशीच्या आत. सारखं तर समपरासारी. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पातेल्याच्या बुडाशी पाणी जमतं ते यामुळेच. पिकाच्या बुडाशी युरियाचा ढीग पडला आणि वर पाणी कमी असलं की रोप करपतं. ते खताने ‘भाजत’ नाही. मातीतलं पाणी इतकं खारट होतं की मुळाला ते ओढता येत नाही, उलट मुळातलं पाणी बाहेर जायला लागतं. उपाय म्हणून भरपूर पाणी देतात ते द्रावण पातळ करायला. दवाखान्यात शिरेतून देतात ते सलाईन १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मिठाचं असतं, ०.९ टक्के, म्हणजे रक्तपेशींना समपरासारी. नुसतं पाणी शिरेतून दिलं तर लोहित पेशी फुगून फुटतील. कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवली तर मात्र ती फुटत नाही, टवटवीत होते. पाणी आत शिरतं, पेशी फुगते, पण भित्तिका उलट दाब देते आणि एका टप्प्यावर पाणी घ्यायचं थांबतं. भित्तिका कशाला हवी, याचं याहून चांगलं उत्तर नाही. वाढत्या कापसाच्या तंतूलाही हाच आतला दाब लांब करत असतो. त्या दिवसांत पाण्याचा ताण बसला की तंतू आखूड राहतो.

हे सगळं एकाच स्लाइडवर पाहता येतं, आणि रंगही लागत नाही. लाल कांदा घ्या. यावेळी पापुद्रा पाकळीच्या बाहेरच्या, जांभळट बाजूचा, अर्ध्या सेंटिमीटरचा चौकोन. साध्या पाण्याच्या थेंबात ठेवून काच लावा. रंगाने काठोकाठ भरलेल्या विटांसारख्या पेशी दिसतील. आता १०० मिलिलिटर पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ विरघळवा. काचेच्या एका कडेला त्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद टेकवा, म्हणजे खारं पाणी काचेखालून ओढलं जाईल. पाचेक मिनिटांत रंगाचा गोळा भिंतीपासून सुटून मध्ये आकसतो आणि गडद होतो. याला रससंकोच म्हणतात. भिंत जागची हलत नाही. तासभर तसंच ठेवू नका, पेशी मरतात. मेलेल्या पेशीचं पटल निवड करू शकत नाही आणि रंग बाहेर पाझरतो. वेळीच साधं पाणी सोडलं तर गोळा पुन्हा फुगून भिंतीला टेकतो.

या आकृतीवर विचारला जाणारा नेहमीचा प्रश्न असा: भिंत आणि आकसलेलं पटल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काय असतं? बहुतेक उत्तरं ‘हवा’ किंवा ‘पोकळी’ अशी येतात. तिथे असतं बाहेरचं खारं पाणी, कारण भिंत त्याला अडवत नाही.